वाफ गेल्याशिवाय

४ नोव्हेंबर १९५७, चिंचवड

जूनमध्ये शाळेतून निवृत्त झालो. सकाळी मोरयाचे दर्शन, दुपारी झोप, संध्याकाळी नदीकाठ. लिहिण्यासारखे काही नव्हते म्हणून वही कोरी राहिली. आज मात्र काम चालून आले. पिंपरीच्या पुढे मुंबई रस्त्याला पंपांचा नवा कारखाना झाला आहे, त्याचे व्यवस्थापक दौलतराव स्वतः जीप घेऊन घरी आले. सरकारी इन्स्पेक्टरने त्यांना बजावले आहे की धोक्याच्या सूचना कामगारांच्या भाषेत लावा, नुसत्या इंग्रजीत चालणार नाहीत. एकंदर अठरा सूचना आहेत. कुणीतरी माझे नाव सुचवले.

माणूस सरळ वाटला. चहा घेता घेता म्हणाले, "मास्तर, एक शंका आहे. यातल्या निम्म्या वस्तू आमच्या कामगारांनी जन्मात पाहिलेल्या नाहीत. त्यांना नुसता शब्द देऊन काय उपयोग?"

मी म्हणालो, "सशाचे शिंग कुणी पाहिले आहे? तरी सशाचे शिंग म्हटले की अर्थ कळतोच. शब्द नेमका असला की अर्थ त्याच्याबरोबर येतो. वस्तू समोर असायला लागत नाही."

ते हसले. म्हणाले, "सशाच्या शिंगाने कुणाला इजा होत नाही."

उत्तर चतुर होते, पण मुद्द्याला सोडून.

७ नोव्हेंबर

कारखाना पाहून आलो. आवाजाने कान बधिर झाले. सतरा सूचना साध्या आहेत : हात घालू नका, विडी ओढू नका, अशा. अठरावी मात्र कस लावणारी आहे.

मागच्या शेडमध्ये जमिनीत दीड पुरुष खोल लोखंडी टाकी बसवली आहे. सगळे तिला खड्डाच म्हणतात. तळाशी एक औषधी द्रव उकळत ठेवतात आणि पंपांचे तेलकट भाग जाळीच्या टोपलीतून आत सोडतात. वर काढले की भाग लख्ख. द्रवाचे इंग्रजी नाव वीतभर लांब. त्याला गोडसर वास येतो म्हणून कामगार त्याला 'अत्तर' म्हणतात. दर पंधरा दिवसांनी द्रव उपसून एकजण शिडीने खाली उतरतो आणि तळाचा गाळ खरवडतो. ते काम सयाजीकडे आहे. थेरगावचा, तिशीचा, हसतमुख. त्याने आपल्या बहिणीच्या नवऱ्याला, गेनबाला, याच कामावर लावून घेतले आहे.

घरी येईपर्यंत डोके दुखू लागले. चष्म्याचा नंबर बदलला असावा.

९ नोव्हेंबर

अठरावी सूचना जमली. "बाष्पनिरसन झाल्याविना कुंडात प्रवेश निषिद्ध." इंग्रजीत याला तेरा शब्द लागले आहेत. मूळ शब्द 'व्हेपर', त्याला कोशात 'बाष्प' दिलेलेच आहे, पण 'निरसन' ही माझी जोड. मोठ्याने दोनदा म्हणून पाहिले. आतून पत्नी शालन म्हणाली, "कोणाची शांत आहे?"

१६ नोव्हेंबर

मन खट्टू झाले. दौलतरावांनी कामगारांना गोळा करून माझ्या सूचना वाचून घेतल्या. गेनबा चौथीपर्यंत शिकलेला, तो एकेक अक्षर लावत पुढे गेला आणि थांबून म्हणाला, "बाष्पनिरसन म्हंजी कोन, साहेब? नवा सुपरवायझर हाय का?" शेड हसली. सयाजी तर इतका हसला की खांब धरून उभा राहिला. बाकीचे थांबले तरी त्याचे हसू थांबेना.

दौलतराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, सोपे करा. त्यांच्या घरातला शब्द द्या."

१७ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर अडून बसलो होतो. शेवटी शालनला विचारले. ती भात करत होती. पातेल्यावरचे झाकण काढून म्हणाली, "एवढे काय त्यात? ही बघा. वाफ म्हणा."

मी म्हणालो, शास्त्रात दोन्ही एकच. ती म्हणाली, "मग झाले तर."

"वाफ पूर्ण गेल्याशिवाय खड्ड्यात उतरू नये." असे लिहिले. सहा शब्द. 'कुंड'ही काढून टाकले, त्याचे थोडे वाईट वाटले.

२१ नोव्हेंबर

आज उलट प्रकार. सगळ्यांनी वाचले, सगळ्यांना कळले. शिक्षकाची खोड, म्हणून मी एकेकाची परीक्षा घेतली. शेड झाडणारी गोजाबाई म्हणाली, "वाफ कुनाला ठावं न्हाई मास्तर? भाकरीखाली हात भाजतो ती." गेनबा म्हणाला, "आदण आल्यावर निगती ती. पांढरी. वर जाती आन् इरून जाती."

"आणि ती गेली हे कसे ओळखाल?"

"डोळ्याला दिसतंय की."

शंभरांपैकी शंभर. दौलतराव लांब टेलिफोनवर होते, त्यांनी हात हलवून बरे चालले आहे ना असे विचारले. मी मान डोलावली. पाट्या रंगवण्याचे काम पिंपरीच्या हिंदुराव पेंटरला दिले आहे.

२ डिसेंबर

पाट्या लागल्या. पांढऱ्यावर लाल अक्षरे. अठरावी पाटी खड्ड्याच्या तोंडाशी आहे. इतकी वर्षे फळ्यावर लिहिले आणि संध्याकाळी पुसले, हे राहणार.

आज खड्ड्यातून एक मांजर मेलेले निघाले. अंगावर कुठे जखम नव्हती. गोजाबाई म्हणाली, उंदरामागे पडले असेल आणि उपाशी मेले असेल. पण परवा संध्याकाळी तिनेच त्याला पाहिले होते.

दुसरी गोष्ट लिहू की नको असे झाले आहे. सकाळी नऊच्या सुमारास सयाजी समोरून आला तो झोकांड्या खात. डोळे तांबारलेले, बोलणे जड. सरकारने दारूबंदी करून इतकी वर्षे झाली, तरी थेरगावकडे हातभट्टी मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. मी त्याला चांगले फैलावर घेतले. तो म्हणाला, "आईशपत न्हाई मास्तर. खड्ड्यापाशी लई येळ वाकून ऱ्हायलं की जरा हलकं वाटतंय." असली कारणे मी तीस वर्षे ऐकली आहेत. दौलतरावांना सांगणार होतो, पण पहिलाच गुन्हा म्हणून सोडून दिले.

११ डिसेंबर

देवस्थानच्या उत्सवाची गर्दी. मांडवात गेनबाची बायको तानाबाई भेटली, म्हणजे सयाजीची बहीण. पायाला हात लावून म्हणाली, "मास्तर, आमचं मालक आता पाटी वाचत्यात. घरी येऊन तोंडपाठ म्हनून दाखवत्यात. वाफ पूर्ण गेल्याशिवाय, वाफ पूर्ण गेल्याशिवाय. पोरी हसत्यात." तिच्या चेहऱ्यावरचा अभिमान पाहून बरे वाटले. शिकवलेले कुठेतरी रुजते.

१६ डिसेंबर, सोमवार

गेनबा गेला. सयाजी बेशुद्ध, पुण्याच्या इस्पितळात. खड्ड्यात. आज याहून जास्त लिहवत नाही.

१७ डिसेंबर

जे कळले ते असे. रविवारी सुट्टी होती, शनिवारी संध्याकाळपासून द्रव उकळवणारी भट्टी बंद. सोमवारी सकाळी द्रव उपसला आणि सयाजी गाळ काढायला उतरला. तळाशी वाकला तो तसाच आडवा झाला. गेनबाने वरून हाका मारल्या आणि दोन दोन पायऱ्या घेत तो मागोमाग उतरला. त्याने मेहुण्याला बसते केले, शिडीला टेकवले, आणि तोच खाली कोसळला. वरून आकडे टाकून दोघांना ओढून काढीपर्यंत दहा मिनिटे गेली. सयाजी शिडीला टेकून थोडा उंच राहिला म्हणून जगला, असे डॉक्टर म्हणाले.

लिहायला नको, पण मनात दुःखाच्या आधी राग आला. पाटी तोंडासमोर होती. ती वाचली, घोकली, आणि तरीही उतरले. सयाजी प्यायलेला असणार. त्या दिवशी मी सांगून टाकायला हवे होते.

२० डिसेंबर

कारखाना चार दिवस बंद होता, आज उघडला. मला राहवले नाही म्हणून गेलो. गोजाबाई शेडच्या बाहेर बसली होती. मी म्हणालो, "बाई, त्यांनी पाटी पाहिली नाही का?"

ती म्हणाली, "बगितली की. दोघांनी उबं ऱ्हाऊन वाचली, म्या व्हते तितं. गेनबा आडवा झोपून आत बगत व्हता. म्हनला, न्हाई रं, काय सुदीक न्हाई, तळ दिसतोय. मग म्या बी बगितलं. वाफ नव्हती मास्तर. त्या सकाळी थंडी लई व्हती, तर आमच्या तोंडातनं निगत व्हती तेवढीच."

"मग काय झाले?"

"त्ये तुमी सांगायचं," ती म्हणाली.

वाफ नव्हती. मग माणूस कशाने मेला? उद्या दौलतरावांना गाठतो.

२१ डिसेंबर

दौलतराव थकलेले दिसले. मी विचारल्यावर त्यांनी टेबलावरचा रिकामा पेला माझ्यासमोर ठेवला.

"यात काय आहे?"

"काही नाही."

"त्या द्रवाची वाफ अशी असते. थंड झाली की मुळीच दिसत नाही. आणि ती वर जात नाही, हवेपेक्षा जड असते. पेल्यात पाणी बसते तशी खड्ड्यात बसून राहते. चार थेंब शिल्लक असले तरी पुरतात."

मी म्हणालो, "वाफ वर जाते."

"पाण्याची," ते म्हणाले.

दौलतरावांनी पेला उचलून बाजूला ठेवला. मग त्यांनी हलकेच विचारले, "मास्तर, तुम्हाला हे ठाऊक नव्हते?"

मला कसे असणार? मी शब्दाला शब्द दिला. मला वाटले होते, मी त्यांना एक अर्थ देतो आहे. त्यांच्यापाशी वाफ होतीच. पांढरी, ऊन, वर जाणारी. ते तीच शोधत होते. ती नाही याची दोघांनी खात्री करून घेतली, आणि मग माझी आज्ञा अक्षरशः पाळून उतरले.

एकवीस नोव्हेंबरचे पान उघडून वाचले. गेनबाने मला सगळे सांगितले होते. मी गुण दिले.

२६ डिसेंबर

इस्पितळात जाऊन आलो. सयाजी शुद्धीवर आहे. हात थरथरतात, वाक्य मध्येच सुटते, पण ओळखतो. गेनबा गेल्याचे त्याला कळले आहे. तानाबाई भावाला बघायला आली नाही. तिने निरोप पाठवला, पाटी असताना तू उतरलास आणि माझ्या माणसाला ओढून नेलंस, पुन्हा माझ्या दारात येऊ नको.

मी त्या सकाळच्या झोकांड्यांबद्दल विचारले. तो म्हणाला, "म्या दारू पीत न्हाई मास्तर. माळकरी हाय." त्याने गळ्यातली तुळशीची माळ बोटाने वर केली. तीस वर्षे मुलांचे चेहरे वाचले म्हणतो मी, आणि ही माळ मला दिसली नव्हती.

मग तो आपण होऊन बोलू लागला. "जुन्या हिरीत गाळ काढाया उतरायच्या आदी आमी कंदील सोडतो. दोरीला बांदून. कंदील इझला तर कुनी उतरत न्हाई. म्हाताऱ्यापास्नं पोरापतुर समद्यांना ठावं हाय. आत कोंडल्याली हवा आसती."

"मग खड्ड्यात का सोडला नाहीस?"

त्याने माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे. "ती हीर न्हवती मास्तर. खड्डा व्हता. आन् पाटीवर वाफ लिवलं व्हतं. आमी वाफ बगितली."

२ जानेवारी १९५८

दौलतराव घरी आले. सात तारखेला चौकशी आहे. मालकांच्या वकिलाने माझ्यासाठी जबाब तयार करून दिला आहे. सूचना मराठीत होती, सोपी होती, कामगारांची परीक्षा घेऊन मगच लावली, मयत गेनबा ती तोंडपाठ म्हणत असे. यातले एकही वाक्य खोटे नाही. मी दोनदा तपासले.

"मग ठपका कुणावर?" मी विचारले.

"सयाजीवर. तो त्या खड्ड्याचा मुख्य. निष्काळजीपणाने मेहुण्याच्या मृत्यूला कारण झाला, असा खटला होईल."

"आणि तुम्ही? वाफ दिसत नाही हे तुम्हाला माहीत होते."

"होते," ते म्हणाले. "पण पाटीवरून ते कळणार नाही असे वाटले नव्हते. मी वाचताना माझ्या डोळ्यांपुढे माझीच वस्तू होती." मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "मास्तर, मी नोकर आहे. सही करा असे मी म्हणणार नाही. करू नका असेही म्हणता येत नाही."

कागद टेबलावर आहे. शालनने तो वाचला. पाटीच्या शब्दाचे कळल्या दिवसापासून ती पातेल्यावरचे झाकण काढताना तोंड फिरवते. मी पाहिले आहे. मी तिला म्हणालो, शब्द तू सुचवलास तरी लिहिला मी. ती म्हणाली, "मला समजावू नका. तिकडे जाऊन सांगा."

७ जानेवारी

चौकशी कारखान्याच्या कचेरीत झाली. फॅक्टरी इन्स्पेक्टर पुण्याहून आले होते, वयस्क, नीटनेटके. वकिलाने जबाब पुढे केला. मी म्हणालो, यावर सही करणार नाही.

इन्स्पेक्टरांनी विचारले, "यात खोटे काय आहे?"

"काही नाही."

"भाषांतर चूक आहे?"

"नाही. कोणताही कोश काढा, बरोबर आहे."

"मग तुमचे म्हणणे काय?"

मी म्हणालो, "साहेब, माझ्याबरोबर खड्ड्यापर्यंत चला आणि आत वाफ आहे का ते सांगा."

वकील हरकत घेऊ लागला, पण ते उठले. त्या दिवसापासून खड्डा तसाच ठेवला होता, तळाशी गाळ आणि चार बोटे द्रव. भरदुपार, वरच्या काचेतून ऊन थेट तळापर्यंत पडलेले. इन्स्पेक्टरांनी कठड्याला धरून पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

"वाफ दिसत नाही," ते म्हणाले.

"उतराल?"

त्यांनी कठड्यावरचा हात काढून घेतला. मी थेरगावहून कंदील आणला होता, तो पेटवून दोरीने खाली सोडला. अर्ध्या शिडीपर्यंत ज्योत सरळ होती. मग ती बारीक झाली, काचेत एक धुराची रेघ उठली, आणि कंदील विझला. गोजाबाईने पदर तोंडाला लावला. दौलतराव भिंतीकडे वळून उभे राहिले.

मी म्हणालो, "त्या दोघांनी सूचना मोडली नाही, पाळली. शब्दाचा अर्थ जिथून त्यांना मिळाला होता तिथेच ते बघत होते. माझ्या मनात तर तो नुसता कोशातला शब्द होता, त्याच्यामागे काहीच नव्हते. ठपका सयाजीवर ठेवू नका."

हे सगळे उतरवून घेतले. मी सही केली. कारखान्याचे माझे काम आज संपले, असे वकिलाने बाहेर पडताना कळवले.

१२ जानेवारी, रविवार

सयाजीवर खटला होणार नाही, एवढे कळले. हे तानाबाईला मी स्वतः सांगायला हवे होते म्हणून थेरगावला गेलो. ती अंगणात धान्य पाखडत होती. मी उभ्यानेच सगळे सांगितले. तिने सूप खाली ठेवले नाही.

शेवटी म्हणाली, "मास्तर, वाफ म्हंजी वाफच ना?"

"हो."

"मग मालकांचं काय चुकलं?"

"काही नाही. सयाजीचेही नाही."

"मग कुनाचं?"

मी म्हणालो, "माझं."

ती आत गेली. आता दार लावून घेईल असे वाटले. पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, माझ्यापुढे ठेवला, आणि पुन्हा पाखडायला बसली. निघताना एवढेच म्हणाली, "त्याला म्हनावं, जेवाया ये."

१९ जानेवारी

दौलतरावांनी नवी पाटी मागवली आहे. कारखान्यातर्फे नव्हे, स्वतःच्या जबाबदारीवर. मजकूर सयाजीने सांगितला, मी फक्त लिहून घेतला. "ही कोंडलेल्या हवेची विहीर आहे. आधी कंदील सोडा. विझला तर उतरू नका."

तो कागद घेऊन हिंदुराव पेंटरकडे गेलो. त्याने वाचला, मान हलवली आणि विचारले, "मास्तर, मग बाकीच्या पण बदलायच्या का?"

"बाकीच्या कुठल्या?"

"ती वाफेची पाटी. लोकांना लई आवडली ना. तुमच्या कारखान्यात कुनी कुनी येऊन बगून गेलं, तसलीच करून द्या म्हणाले. डिसेंबरात तीन गेल्या. एक खडकीला, एक तळेगावच्या अंगाला, आन् एक ट्रकवाल्याने नेली."

"कोणत्या कारखान्यासाठी?"

"त्यो काय बोलला न्हाई, म्या पण इचारलं न्हाई."

२३ जानेवारी

खडकीची पाटी मंगळवारी उतरवली. तिथे खड्डा आहे, तसलाच, आणि तोच गोडसर वास. तळेगावची काल. तिथला माणूस पाटी काढू देईना, म्हणाला, इतकी स्पष्ट सूचना दुसरी मिळणार नाही. अखेर दौलतरावांची चिठ्ठी दाखवावी लागली.

तिसरीसाठी सयाजी आणि मी मुंबई रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना विचारत फिरलो. देहूरोडपर्यंत गेलो. कुणालाच माहीत नाही. परतताना पुन्हा हिंदुरावकडे थांबून ट्रकचा नंबर, रंग, ड्रायव्हरची बोली, काही आठवते का म्हणून विचारले. त्याला काही आठवेना. मी फार खचलेला दिसलो असेन, कारण त्याने माझी समजूत घातली. म्हणाला, पाटीची काळजी करू नका मास्तर, तिला रंग चांगला वापरलाय, उन्हापावसात दहा वर्षं अक्षर जायचं नाही.